सहलप्रमुखांनो, अवकाश दालनात जरा थांबा

महाराष्ट्रातल्या शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि सहलप्रमुख शिक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीची गडबड सुरू होते. एसटीची सवलतीतली गाडी ठरवायची, पालकांची संमतीपत्रं गोळा करायची, वर्गणी राहिलेल्यांच्या घरी निरोप धाडायचे, वरिष्ठांची परवानगी काढायची. या सगळ्या धांदलीत ठिकाणांची यादी होते. एखादा किल्ला, एखादं देवस्थान, एखादी बाग आणि एक विज्ञान केंद्र, असा बेत साधारण ठरलेला. सहलीच्या आधी 'शैक्षणिक' लिहायचं तर विज्ञान केंद्र यादीत हवंच. हे पत्र त्या केंद्रातल्या एकाच दालनाबद्दल आहे, अवकाश दालनाबद्दल.

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा निदेशक होतो, आता निवृत्त आहे. आमच्या विभागाच्या विज्ञान केंद्रात नातीला घेऊन जातो. ती बाहेरच्या बागेतल्या खेळांकडे धूम ठोकते आणि मी आत रॉकेटपाशी रेंगाळतो. डिसेंबर-जानेवारीत तिथे उभं राहिलं की शाळांमागून शाळा समोरून जाताना दिसतात. कुठली शाळा, कुठलं गाव हे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण सगळ्यांची तऱ्हा एकच. मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं आत येतात. पुढचे सर शिट्टी फुंकतात, मागच्या बाई 'चला चला, थांबू नका' म्हणतात. मधल्या पोरांनी हाताला लागेल ते बटण दाबायचं. दिवा लागेपर्यंत रांग पुढे सरकलेली असते. भोज्याला शिवायचं आणि सुटायचं. चांद्रयानाच्या प्रतिकृतीपुढे मात्र सगळे थांबतात, कारण तिथे फोटो काढायचा असतो आणि तो पालकांच्या ग्रुपवर टाकायचा असतो.

माझं मागणं एवढंच की अवकाश दालनाला निदान दीड तास द्या. त्यासाठी यादीतलं एक ठिकाण कापावं लागलं तर कापा. का म्हणतो ते सांगतो.

त्या दालनात इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटची मध्ये छेद दिलेली प्रतिकृती आहे, आतलं सगळं दिसावं म्हणून एका बाजूचं कवच काढलेलं. सहावी-सातवीतली एक मुलगी रांग सोडून तिच्यापुढे उभी राहिली. तिनं बटण दाबलं नाही. नाक काचेला टेकवून खालून वर पाहत होती. मग बाईंना विचारलं, 'बाई, एकावर एक चार रॉकेटं का ठेवलीत? एकच मोठं का नाही केलं?' बाई म्हणाल्या, 'पुढे फलकावर लिहिलंय, चल.' फलक मागे होता, ती वाचूनच आली होती. फलकावर चार टप्प्यांची नावं होती, चारच का याचं उत्तर नव्हतं. मी जवळच होतो, न राहवून मध्ये तोंड घातलं. म्हटलं, 'डोक्यावर चार हंडे घेऊन डोंगर चढायचाय, आणि वाटेत पाणी संपत जातंय. रिकामा झालेला हंडा वर कशाला वाहायचा?' तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रॉकेटकडे, आणि म्हणाली, 'म्हणजे खालचं पडतं?' एवढ्यात शिट्टी वाजली.

बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या जिवावर साठ पोरं असतात, प्रत्येक दाराशी डोकी मोजायची असतात, अंधार पडायच्या आत गाडी गावात पोचवायची असते. पण त्या मुलीचा प्रश्न हा त्या दिवशी दालनात विचारला गेलेला सगळ्यात मोलाचा प्रश्न होता, आणि त्याच्या वाट्याला अर्धं मिनिटही आलं नाही.

तिला मिनिटभर आणखी मिळालं असतं तर तिच्या 'खालचं पडतं?' मधून पुढचं सगळं निघालं असतं. पीएसएलव्ही ४४ मीटर उंच आहे. मोठ्या रूपातलं त्याचं उड्डाणाच्या वेळचं वजन ३२० टन. त्यातून ६०० किलोमीटरवरच्या ध्रुवीय कक्षेत पोचतो तो उपग्रह १,७५० किलोच्या घरातला. म्हणजे वजनाचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाचा जेमतेम अर्धा कामाचा, बाकी सगळं इंधन आणि इंधन वाहायचं भांडं. भांडं रिकामं झालं की टाकून दिल्याशिवाय गत्यंतरच नाही. सातवीच्या मुलांना शेकडेवारी येते. हे गणित त्यांना त्या काचेपुढे उभं करून करायला लावा. पुस्तकातल्या नफा-तोट्याच्या उदाहरणापेक्षा ते नक्की जास्त लक्षात राहील.

माझा जीव अडकतो तो मात्र सगळ्यात खालच्या टप्प्यात. २.८ मीटर व्यासाची ती नळकांडी पाच खंडांची असते, मारेजिंग स्टील नावाच्या अतिशय मजबूत पोलादाची. आत १३८ टनांच्या आसपास घन इंधन. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, कमी-जास्त करता येत नाही. दोन मिनिटांच्या आत सगळं जळून जातं, आणि तेवढा वेळ त्या पोलादाला आतला दाब आणि ज्वाळा सोसायची असते. वेल्डच्या शिवणीत कुठे बारीकसं छिद्र राहिलं, आत परका कण अडकला, की खेळ खलास. म्हणून तिथल्या प्रत्येक जोडाची आतून-बाहेरून तपासणी होते. वर्गात माझी पोरं वेल्ड केलेला जॉब घासून चकचकीत करून आणायची. मी म्हणायचो, वरून काय दाखवतोस, कापून दाखव. रॉकेटच्या कारखान्यात कापून दाखवायची सोय नाही, तिथे न कापता आतलं पाहावं लागतं.

आणि हे काम कुठे होतं हे पोरांना कुणी सांगतं का? पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्याची यंत्रं करणाऱ्या तिथल्या कारखान्यानं इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंगं, म्हणजे घन इंधन भरायची नळकांडी, केली आहेत. द्रवरूप इंधनावरची विकास इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात. हे श्रीहरिकोट्याच्या चकाकत्या फोटोत दिसत नाही. तुमच्या सहलीतली निम्मी मुलं पुढे आयटीआय, डिप्लोमा, वर्कशॉप याच वाटेनं जाणार आहेत. 'शास्त्रज्ञ व्हा' असं तुम्ही दालनात सगळ्यांना सांगता. ते ऐकून ज्याला गणितात पस्तीस मिळतात तो पोरगा मनातल्या मनात दालनाबाहेर पडतो. त्याला कधीतरी सांगा, बाबा, या नळकांड्याची शिवण घालणारा माणूसही लागतो, आणि चांगला लागतो.

आता भिंतीवरच्या फोटोंकडे वळू. अवकाशाचं दालन म्हटलं की दोन जुने फोटो बहुधा असतातच. एकात सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचा पुढचा शंकू बांधून नेताहेत. दुसऱ्यात बैलगाडीवर एक उपग्रह ठेवलेला आहे. या दोन फोटोंपुढे मी बऱ्याच शिक्षकांचं भाषण ऐकलंय. सार असं की, पाहा, किती गरिबीतून आपण वर आलो! सायकलच्या फोटोपुरतं ते चालून जातं. केरळातल्या थुंबा इथल्या रॉकेट तळाचे ते दिवस तसेच होते. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं ते अमेरिकेकडून आलेलं नायके-अपाची. जुळणी आणि कचेरी कुठे, तर सेंट मेरी मॅग्डालीन चर्चमध्ये आणि शेजारच्या बिशपच्या घरात. चर्चनं आणि गावकऱ्यांनी जागा दिली म्हणून ते झालं. ती जागा शोधण्यात कोल्हापूरच्या एकनाथ चिटणिसांचा मोठा वाटा होता. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त थुंब्याजवळून जातं, म्हणून केरळच्या किनाऱ्यावरचं ते कोळ्यांचं गाव निवडलं.

बैलगाडीचं मात्र कारण वेगळं आहे. तो उपग्रह 'ॲपल'. १९ जून १९८१ रोजी एरियन रॉकेटनं तो वर गेला. त्याच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती. लोखंडी ट्रकवर ठेवला असता तर आजूबाजूच्या धातूमुळे मोजमापं बिघडली असती. लाकडी बैलगाडीनं तो प्रश्न सुटला. थोडक्यात, त्या फोटोत गरिबी नाही, डोकं आहे. उपग्रह बनवायला पैसे होते आणि ट्रक भाड्यानं घ्यायला नव्हते, असं थोडंच असेल? पण फोटोपुढे दोन मिनिटं उभं राहून 'बैलगाडीच का?' असा प्रश्न कुणी विचारला तरच हे सुचणार. चालत्या रांगेतून पाहिलं तर गरिबीच दिसते.

वजनाच्या काट्यापाशी मुलांची झुंबड असते. त्यावर उभं राहिलं की चंद्रावर, मंगळावर, गुरूवर तुमचं वजन किती ते दिसतं. तीस किलोचं पोर चंद्रावर पाच किलोचं, मंगळावर साडेअकरा किलोच्या आतबाहेर, गुरूवर पंचाहत्तरच्या वर. वर्गातल्या सगळ्यात जाड पोराला ढकलून त्यावर उभं करतात, आकडा वाचून हसतात आणि पुढे जातात. (हे ढकलणं तेवढं थांबवा, बाकीचं जमेल तसं करा.) इथे एक प्रश्न टाकून बघा : डब्यातल्या दोन चपात्या चंद्रावर नेल्या तर पोट कमी भरेल का? वस्तुमान आणि वजन यातला फरक वर्गात व्याख्या पाठ करून शिकवतात. हा प्रश्न पाचवीतल्या मुलालाही पडतो आणि त्याचं उत्तर तो स्वतः काढतो.

त्याच्या शेजारी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तरंगणाऱ्या अंतराळवीरांचा व्हिडिओ. तरंगतात का? दहात नऊ मुलं सांगतात, वर गुरुत्वाकर्षण नसतं. खरं सांगू, बरेच मोठेही तेच सांगतात. ते स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, मुंबईहून सोलापूर जेवढं तेवढंच. एवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. ती नसती तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. ते ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगानं पुढे जातंय आणि त्याच वेळी पृथ्वीकडे पडतंय. पृथ्वी गोल असल्यामुळे जमीनही तितकीच खाली वळत जाते, म्हणून ते पडतच राहतं, टेकत नाही. आतला माणूसही त्याच्याबरोबर पडतोय, म्हणून तरंगतो. दीड तासात एक फेरी, दिवसाला सोळा सूर्योदय. शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत तिथे राहून आले, त्यामुळे मुलांना ते स्थानक आता कुणा परक्याचं वाटत नाही. हीच वेळ आहे 'पडतंय' हे सांगायची. काही केंद्रांत यासाठी मोठं नरसाळं असतं. त्यात नाणं सोडलं की ते गोलगोल फिरत आत येतं, आणि जसजसं मध्याकडे येतं तसतसं जोरात फिरतं. सूर्याजवळचा बुध ८८ दिवसांत फेरी पुरी करतो आणि शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, ते का, हे त्या नाण्याकडे पाहता पाहता सांगता येतं. नाणं घर्षणानं थकून आत पडतं, ग्रहांच्या वाटेत घर्षण नाही, हेही सांगा. नाहीतर घरी जाऊन पृथ्वी सूर्यात पडणार म्हणून लहानगी रडतात. माझ्या नातीनं तेच केलं होतं.

आणखी एक प्रश्न प्रत्येक शाळेतलं एखादं धीट पोर विचारतंच : 'अंतराळवीर सू कुठे करतात?' सगळी मुलं खिदळतात, शिक्षक डोळे वटारतात, केंद्राचा मार्गदर्शक ओशाळं हसून पुढचा फलक दाखवतो. वटारू नका. दालनातला हा सगळ्यात व्यवहारी प्रश्न आहे. स्थानकावर लघवी, घाम, श्वासातली वाफ सगळं गोळा करून त्याचं पुन्हा प्यायचं पाणी होतं. तिथल्या यंत्रणेनं २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल मारली, कारण पाण्याचा प्रत्येक लिटर रॉकेटनं वर न्यावा लागतो. जिथे मार्चपासून टँकरची वाट पाहतात अशा गावातल्या मुलांना हे सांगून बघा. हसू आपोआप थांबतं आणि पुढचे प्रश्न सुरू होतात. कुठल्या गाळणीनं? आपल्याकडे का नाही करत?

चांद्रयानापुढच्या फोटोबद्दल थोडं कडक बोलतो. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तुम्हां-आम्हांला आठवते. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम यान चंद्रावर उतरलं, शाळांतून पेढे वाटले गेले, आता तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिवस म्हणून साजरा होतो. अभिमान वाटलाच पाहिजे, मलाही वाटतो. पण दालनातल्या त्या प्रतिकृतीपुढे 'आपण चंद्रावर पोचलो' एवढंच सांगून टाळ्या घेतल्या तर मुलांच्या हाती काय लागलं? उतरायचं होतं कसं, ते विचारा. चंद्रावर हवा नाही, म्हणजे पॅराशूट निरुपयोगी. तीस किलोमीटर उंचीवर यान सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगानं चाललेलं, आणि ते इंजिनं उलटी पेटवूनच शून्यावर आणायचं. पृथ्वीवरून गाडी हाकण्याची सोय नाही. संदेश जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद, तोवर यान कुठल्या कुठे गेलेलं. म्हणून सगळे निर्णय त्याचे त्यानंच घ्यायचे.

२०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रमचा संपर्क तुटला आणि तो आदळला. का, हे इस्रोनं लपवून ठेवलं नाही. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या, त्या एकदम दुरुस्त करायला यानाला जितक्या वेगानं वळायला हवं होतं तितकं वळायची मुभा संगणकाच्या आज्ञावलीत नव्हती, आणि उतरायला नेमून दिलेली जागा होती अवघी ५०० मीटर लांब-रुंद. दुसऱ्या खेपेला इंजिनं चार केली, पाय मजबूत केले, सेकंदाला तीन मीटर वेगानं टेकलं तरी टिकतील असे. इंधन वाढवलं, वेग मोजायला लेसरचं नवं उपकरण लावलं, आणि उतरायची जागा चार किलोमीटर लांब, सुमारे अडीच किलोमीटर रुंद ठेवली. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती मोठी जागा. पहिल्यांदा चुकला म्हणून नेम आणखी बारीक करायचा मोह होतो. त्यांनी उलट केलं, काय काय बिघडू शकेल याची यादी केली आणि ते बिघडलं तरी उतरता येईल असं यान बांधलं. चाचणी परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आपण 'अधिक मेहनत घ्यावी' लिहितो. नेमकं कुठलं इंजिन जास्त जोर लावत होतं, हे लिहीत नाही.

उतरल्यावर विक्रमनं जमिनीत एक तापमापक सळई खुपसली. वर पन्नास अंशांहून जास्त ऊन, आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे दहाच्या आसपास. पट्टीवर आठ सेंटिमीटर दाखवायला सांगा मुलांना. चंद्रावरची माती उष्णता किती कमी वाहते, हे त्यांना फळ्यावर लिहून द्यावं लागणार नाही.

आता तुमच्या अडचणी. साठ-सत्तर मुलं एकदम एका दालनात कशी थांबवायची? थांबवूच नका. तीन तुकड्या करा. एक अवकाश दालनात, एक तारांगणात किंवा त्रिमिती खेळाला, एक बाहेर बागेत. मग फिरवा. केंद्राला आधी पत्र किंवा फोन करून कळवलंत तर दालनात समजावून सांगणारा माणूस मिळू शकतो, विचारून तर बघा. सहलीच्या आदल्या आठवड्यात वर्गात दहा मिनिटं काढा आणि प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न कागदावर लिहून घ्या. तो कागद खिशात घेऊन आलेलं मूल दालनात वेगळं वागतं. ते शोधायला आलेलं असतं. 'हात लावू नका' हे वाक्य सहलीपुरतं घरी ठेवा. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र असो, नागपूरचं रामन विज्ञान केंद्र असो की पणजीला मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र, ही केंद्रं मुळात हात लावून पाहण्यासाठीच उभी केली आहेत. काच आहे तिथे काच आहे. जिथे काच नाही तिथे हात लावायचा.

तारांगणातल्या आकाशावरच थांबू नका, सहलीनंतरच्या आठवड्यात मुलांना घराच्या गच्चीवर किंवा अंगणात उभं करा. अवकाश स्थानक नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे ठळक ताऱ्यासारखं न लुकलुकता आकाशातून सरकत जातं. कधी दिसणार ती वेळ मोबाइलवर मिळते. याला वर्गणी लागत नाही.

आणि सहलीची दुसरी ठिकाणं निवडताना अवकाशाचा धागा धरता येतो. शिवनेरीला तुमच्या गाड्या जातातच. त्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण आवाज पृथ्वीवर ऐकला तो या दुर्बिणीनं. यान पुढे आदळलं, पण ते उतरतानाची हाक खोडदला ऐकू आली. फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला तिथे शाळांसाठी दारं उघडी असतात. वेरूळ-अजिंठ्याकडे जाणाऱ्यांनी बुलडाण्यातलं लोणार जोडून घ्यावं. पावणेदोन किलोमीटरहून थोडं रुंद असलेलं ते विवर आकाशातून आलेल्या दगडाच्या आघातानं झालं, आणि तेही बेसॉल्टमध्ये. बेसॉल्टमध्ये इतकं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. चंद्रावर आपल्याला जो ससा दिसतो तो काळा भागही बेसॉल्टचाच. तुमच्या शाळेच्या आवारात पडलेला काळा धोंडा कुठल्या जातीचा, ते मुलांना लोणारच्या काठावर विचारा.

आता एक शेवटची विनंती, आणि ती जरा हट्टाची आहे. सहलीहून आल्यावर 'सहलीचे वर्णन दहा ओळीत लिहा' हा गृहपाठ देऊ नका. 'आम्ही सकाळी सहा वाजता निघालो. बसमध्ये गाणी म्हटली. विज्ञान केंद्र पाहिले. खूप मजा आली.' मी निदेशक होतो, दुसऱ्याच्या वहीतलं उतरवलेलं मला लांबून ओळखू येतं, आणि ही दहा ओळींची सहल महाराष्ट्रभर एकाच वहीतून उतरवली जाते. त्याऐवजी मुलांनी नेलेले प्रश्न परत घ्या. ज्याला उत्तर मिळालं त्यानं उत्तर लिहावं, ज्याला मिळालं नाही त्यानं प्रश्नच आणखी नीट करून लिहावा. उत्तर न मिळालेल्या प्रश्नांचा गठ्ठा करून केंद्राच्या पत्त्यावर पाठवून द्या. फलकावर काय लिहायचं राहिलंय, ते त्यांनाही त्यातूनच कळेल. चार रॉकेटं एकावर एक का, हा प्रश्न त्या गठ्ठ्यात पहिला ठेवा.

यंदाचा बेत अजून कागदावरच असेल तर तेवढा दीड तास त्यात घाला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वेल्डर ट्रेडचा एक निवृत्त निदेशक